ऐंशी हजारांचा नवरा

माझ्या नावाची किंमत मला चाळिशी उलटल्यावर कळली. ऐंशी हजार रुपये. पुण्यातला आमचा नवा फ्लॅट ऐंशी लाखांचा, आणि १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. नवऱ्याचं नाव कोपऱ्यात, बारीक अक्षरात घातलं तरी सूट गेली.

"मग तुझं नाव घालायचंच कशाला?" बायकोने विचारलं.

आता मी पुरोगामी माणूस. आठ मार्चला माझं भाषण ठरलेलं असतं. शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनी कशा करून दिल्या, हे सांगताना माझा गळा दाटून येतो. पण त्या जमिनी शेतकऱ्यांच्या होत्या. हा फ्लॅट माझा होता.

मी सीएच्या आडोशाला गेलो. कर्जाच्या व्याजाची वजावट हवी तर नुसते हप्ते भरून भागत नाही, मालकीतही नाव लागतं. जुन्या करप्रणालीत दोघांना प्रत्येकी दोन लाखांपर्यंत वजावट मिळू शकते, वगैरे. सगळं खरं होतं. खरं कारण मात्र वीजबिल होतं.

आमच्या गावच्या घराचं वीजबिल अजून आजोबांच्या नावाने येतं. आजोबा जाऊन किती वर्षं झाली हे कुणी नीट सांगू शकत नाही, पण ग्राहक म्हणून ते धडधाकट आहेत. थकबाकीची नोटीस त्यांना येते, मीटर बदलल्याची वर्दी त्यांना येते. बिल आलं की काका पुकारा करतात, "अण्णांचं आलं रे!" आणि पोरंटोरंसुद्धा अण्णा परगावी गेल्यासारखी उठून बिल ठेवायला खुंटी शोधतात. नाव बदलायचा अर्ज काकांनी एकदा आणला होता, तर आत्याने रडून घर डोक्यावर घेतलं. पुतळ्यावर कावळे बसतात, ग्रंथांना वाळवी लागते. मराठी पुरुषाला खरं अमरत्व देते ती वीज. मलाही तसंच उरायचं होतं. नातवाने महिन्याला एकदा माझं नाव घ्यावं, भले आकडा बघून कपाळावर हात मारत घ्यावं.

आजीचं नाव शोधायला गेलं तर माळ्यावरच्या पातेल्यावर सापडतं. तेही 'सौ.' लावून, पाठोपाठ अण्णांचं नाव घेऊनच.

तर ऐंशी हजार भरून मी खरेदीखतात शिरलो. वकीलबाईंनी विचारलं, हिस्से किती लिहायचे? न लिहिल्यास आणि कुणी किती पैसे घातले याचा पुरावा नसल्यास कायदा निम्मे-निम्मे धरतो. आम्ही निम्मे लिहूनच टाकले. माझी समजूत अशी, की एकजण गेला की घर आपोआप दुसऱ्याचं. तसं काही नसतं, त्या म्हणाल्या. मृत्युपत्र केलं नाही तर माझा निम्मा वाटा बायको, मुलगी आणि माझी आई यांच्यात सारखा जाईल.

"आणि हिचा?"

"तुम्हाला आणि मुलीला."

"हिच्या आईला?"

हिच्या आईने पाटल्या मोडून डाउन पेमेंटला हात दिला होता. तर हिंदू वारसा कायद्याचं कलम १५ असं, की उद्या आम्ही दोघं आणि मुलगी, तिघंही नसलो तर हिच्या वाट्यावर आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क. म्हणजे माझी आई. ती नसेल तर रांग माझ्या भावा-पुतण्यांपर्यंत. हिचे आई-वडील त्यानंतर. पाटल्या वारशाने आल्या असत्या तर वेगळा नियम होता. जिवंतपणी, हाताने काढून दिल्या, म्हणून नाही. कायदा १९५६ चा आहे आणि एवढ्या वर्षांत हे बदललं नाही, याचा मला अजून राग येतो. बायको काही बोलली नाही. पेन मागून घेतलं आणि मृत्युपत्राला किती खर्च येतो ते विचारलं.

त्या रागाच्या भरात मी म्हणालो, "हिचं नाव आधी घाला." दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात हिचा फोटो आधी, हिचा अंगठा आधी. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट हातात पडेपर्यंत तो टिकला. संयुक्त नावं असली की मत देण्याचा हक्क पहिल्या नावाचा. दुसऱ्याला मत आहे, पण पहिला गैरहजर असेल तरच. पाण्याच्या टँकरपासून लिफ्टच्या देखभालीपर्यंत माझ्याकडे ठाम मतं आहेत. बायको मात्र एकही सभा चुकवत नाही. मागच्या सभेला तिला ताप होता, म्हणून मी आशेने धुतलेला शर्ट घालून बसलो होतो. ती क्रोसिन घेऊन गेली.