परमुलखातील गिऱ्हाइकास मोटार विकण्याचा यथासांग विधी

मोटार कोणती घ्यावी याविषयी सल्ला देणारी माणसे आपल्याकडे विपुल आहेत. परंतु तीच मोटार दहा वर्षांनी विकावयास काढली आणि पुण्याच्या त्या मोटारीस गिऱ्हाईक इंदूरचे मिळाले, म्हणजे ज्याने मोटार पाहिलेली नाही असा एक आणि ज्याने गिऱ्हाईक पाहिलेले नाही असा दुसरा, व दोघांच्या मध्ये सातपुडा आणि नर्मदा आडवी पसरलेली, अशा प्रसंगी मोल पदरात कसे पाडून घ्यावे हे विचारू गेल्यास हीच सल्लागार मंडळी एकाएकी मितभाषी होतात. पूर्वीच्या सावकारांस ही अडचण ठाऊक होती. दर्शनी हुंडी दाखविताच पटवावी लागे, मुदती हुंडी मुदत भरल्यावर, आणि जोखमी हुंडी तर ज्या मालावर लिहिली तो माल मुक्कामी सुखरूप पोचला तरच देय होई. माल आणि पैसा यांची गाठ एकाच कागदात मारून देणारी ती युक्ती खासगी मोटार विकणाऱ्यास आज सहजी उपलब्ध नाही. सबब पुढील विधी.

प्रथम गिऱ्हाइकाची परीक्षा. छायाचित्र पाहताच 'पसंत आहे, खातेक्रमांक कळवा' असे म्हणतो तो सज्जन, आणि टायरच्या झिजेपासून मागील दाराच्या पोच्यापर्यंत प्रत्येक वैगुण्यापोटी दोन-दोन हजार कमी करू पाहतो तो क्षुद्र, अशी जी लोकांत समजूत आहे ती विक्रेत्याने मुळापासून उलटी करून घ्यावी. ज्यास खरोखरच पैसे मोजावयाचे आहेत त्याच्या काळजात प्रत्येक हजारागणिक कालवाकालव होते, आणि ती घासाघिशीच्या रूपाने बाहेर पडते. उलट ज्यास पैसे द्यावयाचेच नाहीत त्यास साडेचार लाख काय किंवा पाच लाख काय, दोन्ही सारखेच स्वस्त. पण स्वतःच्या मोटारीची स्तुती ऐकली की विक्रेत्याची विवेकबुद्धी रजेवर जाते, आणि नेमक्या त्याच रजेत हा उदारात्मा कार्यभाग साधतो.

तो बहुधा स्वतःस सैन्यातील अधिकारी म्हणवितो. बदली अकस्मात झालेली असल्याने मोटार पाहण्यास त्यास सवड नसते, मात्र ओळखपत्राची छायाचित्रे न मागता पाठविण्याइतकी सवड असते. (सैन्यातील खऱ्या अधिकाऱ्यांनी राग मानू नये, ते उत्तम घासाघीस करतात.) मग इसारादाखल पाच हजार देतो असे सांगून तो एक क्यूआर कोड धाडतो आणि तो स्कॅन करून पिन टाकला की रक्कम आपल्या खाती जमा होईल अशी ग्वाही देतो. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो. पैसे घेण्यासाठी तो केव्हाही लागत नाही. एवढे एक वाक्य घरातील ज्येष्ठांकडून दररोज संध्याकाळी शुभंकरोतीनंतर म्हणवून घ्यावे.

याहून सूक्ष्म कारागिरी त्या तिसऱ्या इसमाची, जो ना विक्रेता ना ग्राहक. तो आपल्या जाहिरातीची हुबेहूब नक्कल करून मोटार कमी किंमतीत इंदूरच्या खऱ्या गिऱ्हाइकास देऊ करतो. आपणांस कळवितो की 'माझे मेहुणे मोटार पाहावयास येतील, त्यांच्याशी किंमतीची भाषा काढू नका, व्यवहार माझ्याशी'. आणि त्या बिचाऱ्या मेहुण्यास सांगतो की 'मोटार माझा भाऊ दाखवील, त्याच्याकडे किंमतीचा विषय नको, घरात वाद आहेत'. दोन भिडस्त गृहस्थ मोटारीभोवती प्रदक्षिणा घालतात, हवापाण्याविषयी बोलतात, चहा घेतात, आणि त्या अवधीत इंदूरकरांचे पैसे तिसऱ्याच खात्यात रुजू होतात. पुढे दोघेही एकमेकांस चोर समजून पोलीस ठाण्यात जे बोलतात ते अंगणातच बोलले असते तर ही वेळ आली नसती. सबब समोर उभ्या असलेल्या माणसाशी किंमतीविषयी उघड, मोठ्या आवाजात आणि शक्य तर शेजाऱ्यांस ऐकू जाईल अशी हुज्जत घालणे हा या विधीतील सर्वात महत्त्वाचा संस्कार होय. भिडेला येथे थारा नाही.

आता भरण्याचे प्रकार. रोकड मोहक असते, परंतु एका व्यवहारापोटी दोन लाख रुपये वा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने १ एप्रिल २०१७ पासून मनाई केली आहे, आणि गंमत अशी की दंड देणाऱ्यास नसून घेणाऱ्यास, तोही घेतलेल्या रकमेइतकाच. धनादेश हा सभ्यतेचा दागिना खरा. पण तो न वटल्यास १८८१ च्या पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या १३८ व्या कलमान्वये बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, मग भरण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत, मग महिन्याच्या आत फिर्याद, आणि त्यानंतर तारखा. आणि हे सर्व चालू असता मोटार उज्जैनच्या रस्त्यावर धावत असते. डिमांड ड्राफ्ट त्याहून बरा, मात्र तो बनावटही छापता येतो, म्हणून ज्या शाखेने तो दिला तिचा दूरध्वनी क्रमांक स्वतः शोधून खातरजमा करावी. ड्राफ्टसोबत गिऱ्हाइकाने दिलेल्या क्रमांकावर चौकशी केल्यास उत्तर गोड मिळेल, पण ते त्याच्या चुलतभावाचे असेल.

राहता राहिला आरटीजीएस. दोन लाख ही त्याची किमान रक्कम, १४ डिसेंबर २०२० पासून तो अहोरात्र चालू, आणि एकदा खात्यात जमा झालेली रक्कम पाठविणाऱ्यास आपल्या मर्जीने परत ओढता येत नाही. एक व्यावहारिक विघ्न मात्र येथे हमखास उपटते: नव्याने नोंदविलेल्या खात्यावर पहिल्या दिवशी मोठी रक्कम पाठवू न देण्याचा पुष्कळ बँकांचा रिवाज आहे, आणि हे ज्ञान गिऱ्हाइकास पुण्यात, मोटारीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे असता होते. म्हणून आदल्या दिवशीच त्याच्याकडून आपले खाते नोंदवून घ्यावे आणि वाङ्‌निश्चयाच्या नारळासारखा एक रुपया पाठवावयास लावावा. या रुपयाचे दुसरेही पुण्य आहे: पाठविणाऱ्याचे नाव कळते. गिऱ्हाईक एक, आधार कार्डावरील नाव तेच, आणि पैसे मात्र भलत्याच राज्यातील भलत्याच व्यक्तीच्या खात्यातून आले, तर ते पैसे कोणा फसलेल्या माणसाचे असण्याचा संभव असतो. त्याने १९३० या सायबर मदतक्रमांकावर तक्रार नोंदविली की आपलेच खाते गोठते आणि मोटार विकून मिळालेली रक्कम केवळ पाहण्यापुरती उरते. पैसे गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या खात्यातूनच घ्यावेत, याबाबत दयामाया करू नये.

प्रत्यक्ष दिवशी मुहूर्त कामकाजाचा पाहावा. आरटीजीएस रात्रीही चालतो, पण बँकेतील माणूस रात्री चालत नाही, आणि दुसरा व चौथा शनिवार त्याच्या विश्रांतीचा. गिऱ्हाइकास आपल्या शाखेत आणून बसवावे. त्याने रक्कम पाठविली, मोबाइलवरील हिरवी खूण दाखविली, आपल्या मोबाइलवर 'जमा' असा संदेशही आला, तरी किल्ली खिशातच असू द्यावी; खूण रंगविता येते आणि संदेश कोणासही लिहिता येतो. आपल्या खात्याचा उतारा आपण स्वतः उघडावा, बावीस अक्षरांचा यूटीआर क्रमांक त्याच्या पावतीशी ताडून पाहावा, आणि मगच किल्ली बाहेर काढावी. हा जो पाच-दहा मिनिटांचा अवकाश, ज्यात गिऱ्हाइकाचे पैसे गेलेले असतात आणि मोटार आलेली नसते, त्यात त्यास चहा पाजावा. शंका घेण्याचा हक्क त्यासही आहे.

कागदांविषयी थोडक्यात. कोऱ्या टी.टी. फॉर्मवर सह्या करून देण्याची जी दलालमान्य प्रथा आहे ती अव्हेरावी. नमुना २९ व ३० भरूनच सही करावी, परराज्यासाठी नमुना २८ चा ना-हरकत दाखला चासीच्या ठशासह काढावा, बँकेचा बोजा असल्यास नमुना ३५ ने तो आधी उतरवावा. आधार कार्डाच्या नकलेवर 'केवळ वाहन हस्तांतरणासाठी' असे आडवे लिहावे, फास्टॅग बंद करावा. मोटार गेली तरी परिवहन कार्यालयाच्या दप्तरात नाव आपलेच आहे तोवर मालक आपणच: सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या २०१८ च्या निकालात, मोटार अनेक हातांतून गेलेली असतानाही, अपघाताच्या भरपाईस नोंदणीकृत मालकच जबाबदार धरला. म्हणून विक्रीखतावर ताब्याची तारीख, वेळ आणि मीटरवरील आकडा उभयतांच्या सह्यांनी नोंदवावा, आणि त्याखाली मोटारीचे ज्ञात दोष व त्यांपोटी सोडलेली रक्कम कलमवार लिहावी. हा शेवटचा मजकूर घासाघीस चालू असतानाच उतरवून घ्यावा, कारण त्या वेळी गिऱ्हाईक दोषांची यादी स्वतःहून सांगत असते.

पंधरा दिवसांनी इंदूरहून दूरध्वनी येईल की तिसऱ्या गिअरमध्ये बारीक आवाज येतो. घाबरू नये, आवाजही चढवू नये. विक्रीखत काढून कलम चार शांतपणे वाचून दाखवावे: आवाज मूळचाच आहे, आणि त्याचे चार हजार आपण त्या दिवशीच कापून घेतले आहेत.