एक किलोसाठी नाशिक दोनदा

सिन्नरमध्ये चाळिशी उलटलेला माणूस पहाटे पळताना दिसला, तर लोक दोनच निष्कर्ष काढतात. एक तर याची शुगर निघाली, नाहीतर मागे कुत्रं लागलं. माझी शुगर नॉर्मल आहे. दुसरा निष्कर्ष मात्र बऱ्याचदा खरा निघतो, आणि माझा आजवरचा सगळ्यात वेगवान किलोमीटर त्याच कारणाने झालेला आहे.

पळतो मी गोंदेश्वराच्या बाजूला. यादवकाळातलं दगडी पंचायतन. मधे महादेव, चार कोपऱ्यांना चार लहान देवळं, आणि समोर मंडपात नंदी. शेकडो वर्षं एका जागी बसून आहे बिचारा, पण दिवसाला 10,000 पावलं चाल म्हणून त्याच्यामागे कुणी लागलेलं नाही. या रस्त्याला पोलीस भरतीची पोरं असतात, 1600 मीटरची तयारी करणारी. जाताना ओरडतात, “काका, साइड!” परत येताना पुन्हा, “काका, साइड!” त्यांचे 1600 मीटर होईपर्यंत माझ्या बुटाची सुटलेली नाडी बांधून होते. नाडी मी घरूनच सैल बांधून निघतो.

या पळण्याचं मूळ आमचा भाचा. तो एमआयडीसीत क्वालिटीला आहे, म्हणजे दोष काढायचा पगार घेतो. त्याने एकदा माझ्याकडे कामाच्या नजरेने पाहिलं आणि कविता राऊतचं उदाहरण दिलं. आपल्याच जिल्ह्यातली, हरसूलकडच्या सावरपाड्याची पोरगी. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. अभिमान मलाही आहे. पण ती पोट कमी करायला धावत नव्हती, एवढं मी त्याच्या लक्षात आणून दिलं. त्यावर त्याने मोबाइल काढून हिशेब मांडला.

हिशेब असा: माणूस पळाला की किलोमीटरमागे आणि वजनाच्या किलोमागे साधारण एक कॅलरी जळते. मी 80 किलोचा, म्हणजे किलोमीटरला 80 कॅलरी. एक किलो चरबीत असतात सुमारे 7700. भागाकार केला तर 96 किलोमीटर! सिन्नर ते नाशिक 30 किलोमीटर धरा. म्हणजे एक किलो घटवायला मोहदरी घाट उतरून नाशिकला पळत जायचं, घाट चढून परत यायचं, आणि पुन्हा नाशिकला जायचं. बरं, तिथे पोचल्यावर समोर काय? मिसळ. तर्री, दही, पापड, वर दोन जादा पाव. दुसऱ्यांदा नाशिकला पोचलेला माणूस मिसळीला नाही म्हणेल, असं मला वाटत नाही. मी तर पहिल्यांदाच म्हणणार नाही.

तात्पर्य, खरी लढाई ताटात. आणि ताटावर आमच्या घरात एकमत नाही. सौभाग्यवती डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या बाजूच्या. दिवसातून दोनदाच जेवायचं, तेही कडकडून भूक लागल्यावर, आणि 55 मिनिटांत उरकायचं. प्रत्येक खाण्याबरोबर इन्शुलिन वाढतं, म्हणून खाण्याच्या वेळाच कमी करायच्या. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. मेहुणी ऋजुता दिवेकरांना मानते. तुपाला भिऊ नका, आपल्या मातीतलं खा. मला दोघींचंही पटतं, तिथेच घोळ आहे. बाजरीच्या गरम भाकरीवर तूप घेताना मी मेहुणीच्या पक्षात असतो, तिसरी भाकरी मागताना बायकोच्या. कारण 55 मिनिटांतली पस्तीस शिल्लक असतात आणि मार्चअखेरच्या अनुदानासारखी ती वेळेत संपवावी लागतात.

आमच्या तालुक्यातच डुबेरे आहे, थोरल्या बाजीरावांचं जन्मगाव. जन्म 1700 सालचा. घोडा न थांबवता कणसं हातावर चोळून दाणे तोंडात टाकणारे बाजीराव, ही त्यांची आख्यायिका सगळ्यांना ठाऊक. मी भाच्याला म्हटलं, हा खरा सिन्नरी डाएट. तो म्हणाला, “मामा, दाणे खाऊन त्यांनी लढाया मारल्या. तुम्ही भेळभत्ता खाऊन झोपता.” क्वालिटीची माणसं घरात ठेवू नयेत.

तरी पळणं मी सोडलेलं नाही. पळून आल्यावर दिवस बरा जातो, झोप लागते, जिना चढताना मधे थांबून भिंतीवरचं कॅलेंडर वाचावं लागत नाही. वजनाचं म्हणाल तर ते हलतं फक्त ताटाला नाही म्हटल्यावर, आणि आमच्याकडे नाही म्हणायला पायांपेक्षा मोठी ताकद लागते. लग्नाच्या पंगतीत हात आडवा केला की वाढपी बोटांच्या फटीतून बुंदी सोडतो. ताटावर ओणवं झालो तर यजमान येतात, “घ्या हो पाहुणे, आमचा मान ठेवा.” त्यांचा मान राहतो, माझी मान दिसेनाशी होते. पंगतीतून उठून घरी यावं तर शेजारच्या काकू वाटीभर रस घेऊन दारात उभ्या. वाटी रिकामी परत द्यायची नाही म्हणून आमच्याकडून पुरणपोळी जाते, आणि पुरणपोळी एकट्या शेजाऱ्यांपुरती कुणी करतं का?

म्हणून सिन्नरकरांना हात जोडून एकच विनंती. पहाटे रस्त्यात गाठून “किती कमी झालं?” हे खुशाल विचारा, धाप लागलेली असली तरी मी उत्तर देईन. पण येत्या लग्नसराईत मी “नको” म्हटलं, तर ते एकदाच ऐका आणि बुंदीची बादली पुढच्या पाहुण्याकडे न्या. मठ्ठा मात्र ठेवा.