गेंडा, विटा आणि घडीचं स्टूल

कलेचा इतिहास हा डोळ्यांनी शिकायचा विषय आहे, असं विद्यापीठाच्या माहितीपत्रकात छापलं होतं. तो पायांनी शिकायचा विषय आहे, हे लंडनला पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात टाचा सांगू लागतात. वर्ग वर्गात भरतो तो नावापुरता. एरवी तो कधी ट्रॅफल्गर चौकातल्या नॅशनल गॅलरीत, कधी ब्रिटिश म्युझियममध्ये, तर कधी थेम्सच्या दक्षिण काठावर. ज्याची अजून ट्यूबचं भाडं रुपयांत मोजायची खोड गेलेली नाही, तो विद्यार्थी चालतच जातो. बसला मात्र एक सोय आहे. पहिल्या बसमध्ये कार्ड टेकवलं की तासाभरात कितीही बसा बदला, भाडं एकदाच. सांगलीच्या माणसाला अशी सवलत दिसली की तो गरज नसतानाही बस बदलतो.

निघण्याआधी मिरजेच्या आत्याने चौकशी केली होती. "चित्रं काढायला शिकवणार का गं?" "नाही, आत्या." "मग विकायला?" "नाही." "मग करायचं काय त्यांचं?" "बघायची." आत्याने बाबांकडे पाहिलं. त्या नजरेत शैक्षणिक कर्जाचे सगळे हप्ते होते.

बघण्याचा पहिला तास यान व्हॅन आयकच्या 'आर्नोल्फिनी' चित्रापुढे झाला. चित्र १४३४ सालचं, उंची जेमतेम ८२ सेंटिमीटर. आमच्या बाई साठीच्या, पण सगळे त्यांना नुसत्या नावाने हाक मारत. माझी जीभ काही रेटेना. शेवटी त्यांच्यासमोर जाऊन उभं राहायचं आणि त्यांचं लक्ष गेलं की बोलायचं, ही पद्धत मी वर्षभर चालवली. बाई म्हणाल्या, "अर्धा तास बघा. लिहायचं नाही, बोलायचं नाही."

पाच मिनिटांत चित्र संपलं. नवरा, बायको, पलंग, कुत्रं, काढून ठेवलेल्या सपाता. मग कंटाळा आला. मग खिडकीपाशी ठेवलेली संत्री दिसली. झुंबरात एकच मेणबत्ती जळत होती, तीही भरदिवसा. त्यानंतर मागच्या भिंतीवरचा बहिर्गोल आरसा, आणि त्यात दाराशी उभी असलेली आणखी दोन माणसं! आरशाच्या वर चित्रकाराने झोकदार लॅटिन अक्षरांत लिहून ठेवलंय की यान व्हॅन आयक इथे होता, १४३४. हेच सिंहगडाच्या भिंतीवर कुणा बंड्याने लिहिलं तर पुरातत्त्व खातं त्याला धरतं. व्हॅन आयकने लिहिलं, तर त्यावर प्रबंध होतात.

रात्री आईला फोटो पाठवला. तिने बायकोचं पोट बघून निकाल दिला, "सातवा दिसतोय. आणि उभी काय केलीय तिला? बसवा की." मी सांगितलं, बरेच अभ्यासक तिला गरोदर मानत नाहीत. त्या काळच्या फॅशनचा घोळदार झगा तिने पोटापाशी उचलून धरलाय, असं त्यांचं म्हणणं. आई म्हणाली, "अभ्यासक बाप्ये असतील."

त्याच गॅलरीत होल्बाइनचं 'द अँबॅसेडर्स' आहे, १५३३ सालचं. दोन भरदार वकील उभे आहेत आणि त्यांच्या पायांपाशी काहीतरी करडं, लांबुळकं सांडल्यासारखं दिसतं. चित्राच्या उजव्या बाजूला भिंतीलगत जाऊन तिरपं बघितलं की त्याची कवटी होते. आम्ही एकामागून एक भिंतीला गाल लावायला गेलो. तिथल्या रखवालदाराने हे इतक्यांदा बघितलेलं असावं की त्याने जांभईसुद्धा दिली नाही.

ग्रंथालयाचं सांगायलाच हवं. वारबुर्ग इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय १९३३ साली नाझींपासून वाचवून हॅम्बुर्गहून बोटीने लंडनला आणलं गेलं. संस्थापक आबी वारबुर्ग हा सावकारी पेढीच्या मालकाचा थोरला मुलगा. तेराव्या वर्षी त्याने पेढीवरचा हक्क धाकट्या भावाला देऊन टाकला. अट एकच, मी मागेन ती सगळी पुस्तकं तू घेऊन द्यायचीस. आमच्याकडे बांधावरच्या आंब्यावरून तीन पिढ्या कोर्टात जातात, त्यामुळे ही गोष्ट मी घरी सांगितली नाही. तिथली पुस्तकं 'चांगला शेजार' या तत्त्वाने लावलेली आहेत. तुम्हाला जे पुस्तक हवंय त्याच्यापेक्षा त्याच्या शेजारचं जास्त उपयोगी पडावं, अशी रचना. पडतंही. एका मध्ययुगीन झग्याचा संदर्भ शोधायला गेलेली मी संध्याकाळी ग्रहताऱ्यांच्या पुस्तकांत सापडले. निबंध झग्यावरच द्यायचा होता.

पण माझा खरा जीव जडला तो एका गेंड्यावर. ब्रिटिश म्युझियमच्या अभ्यासकक्षात जुनी छापचित्रं हातभर अंतरावरून बघायला मिळतात. आधी वेळ ठरवायची, पेन बाहेर ठेवायचं, आत फक्त शिसपेन्सिल. टेबलावर माझ्यापुढे ड्युररचा १५१५ सालचा गेंडा आला. अंगावर चिलखताचे पत्रे, पत्र्यांना रिव्हेट मारल्यासारख्या ठिपक्यांच्या रांगा, पायांवर खवले आणि खांद्यावर एक जास्तीचं चिमुकलं शिंग. हे असं का, तर ड्युररने गेंडा जन्मात बघितलेला नव्हता. न्यूरेंबर्गमध्ये बसून कुणाच्या तरी पत्रावरून आणि रेखाटनावरून त्याने तो काढला. चित्राच्या वरच्या मजकुरात साल पडलंय तेही चुकीचं, १५१३.

हा गेंडा निघाला होता आपल्या गोव्याहून. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरने तो पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला नजराणा म्हणून दिला. एवढं जनावर बांधायचं कुठे? अल्बुकर्कने जानेवारी १५१५ मध्ये तो जहाजात चढवून राजा मानुएलकडे पाठवला, आणि मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. राजाने त्याला हत्तीसमोर उभं केलं, तर हत्तीनेच पळ काढला. मग राजाने तो रोमला पोपकडे रवाना केला. लग्नात आलेला स्टीलचा डबा जसा या घरातून त्या घरात आहेरात फिरतो, तसा हा गेंडा फिरला. १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. साखळदंडात जखडलेला असल्याने त्याला पोहता आलं नाही. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षं युरोपात गेंडा म्हणजे हाच, खांद्यावरच्या शिंगासकट. ज्यांनी खरा बघितला होता त्यांचं कुणी ऐकलं नाही. चित्र चांगलं असलं की असं होतं.

बाबा बांधकामाचे ठेकेदार. त्यांना एखादं संग्रहालय दाखवायचंच, म्हणून मी टेट मॉडर्नमधून व्हिडिओ कॉल लावला. ही इमारत मूळची बँकसाइडचं वीजकेंद्र. २००० साली तिचं संग्रहालय झालं. बाहेरून तिला ४२ लाख विटा आहेत आणि मधोमध ९९ मीटरची चिमणी. बाबा खूश. "काय सरळ रेषेत आलंय बघ काम! ओळंबा कुठे हललेला नाही." मग मी त्यांना आत नेलं आणि कार्ल आंद्रेचं शिल्प दाखवलं. जमिनीवर दोन थरांत मांडलेल्या १२० विटा.

"काम चालू आहे का?"

"नाही बाबा, हेच शिल्प आहे."

"सिमेंट?"

"नाही. नुसत्या ठेवल्यात."

"वीट कुठली?"

भट्टीच्या आत वापरतात ती, आगीला टिकणारी. बाबांना तेवढं बरं वाटलं. १९६६ साली न्यूयॉर्कला पहिल्यांदा हे मांडलं, तेव्हा कुणी घेतलं नाही, म्हणून आंद्रेने विटा कारखान्याला परत केल्या, हेही मी सांगितलं. बाबा खुर्चीतून उठलेच. "परत घेतल्या? वापरलेल्या? कारखान्याचं नाव विचारून ठेव." पुढे शिल्प पुन्हा करायची वेळ आली तोवर तो कारखाना बंद पडला होता. "पडणारच," बाबा म्हणाले. टेटने १९७२ साली विटा विकत घेतल्या आणि १९७६ मध्ये वर्तमानपत्रांनी त्यावरून रान उठवलं. त्यावर बाबांचं म्हणणं वर्तमानपत्रांपेक्षा सरस होतं. त्यांनी विचारलं, "या १२० विटा ठेवणाऱ्याचं नाव भिंतीवर आहे. बाहेरच्या ४२ लाख रचणाऱ्यांचं कुठे आहे?" बाईंना मी हा प्रश्न माझा म्हणून विचारला. त्यांनी त्यावर पुढचा निबंध लावून दिला.

त्या निबंधापायीच मी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला बघायला व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमच्या वाटेला लागले. "तू महाराष्ट्राची, म्हणजे अजिंठा तुझ्या घरालगतच," असं बाई मोठ्या प्रेमाने म्हणत. सांगलीहून अजिंठा पाचशे किलोमीटरांच्या पुढे आहे, हे त्यांना नकाशावर दाखवूनही पटलं नाही. रॉबर्ट गिल नावाच्या चित्रकाराने वर्षानुवर्षं लेण्यांत राहून केलेल्या पहिल्या नकला लंडनला आल्या आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन ते काम पुन्हा केलं. त्याही नकला लंडनला आल्या, आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टनला आग लागून त्यातल्या बऱ्याच गेल्या. वटवाघळांना शेकडो वर्षांत जे साधलं नाही, ते लंडनने वीस वर्षांत दोनदा साधलं. उरलेल्या या म्युझियमकडे आहेत. अंधाऱ्या लेण्यांत, माना वर करून, हंगामामागून हंगाम ब्रश चालवला तो जे. जे.च्या पोरांनी. त्यांतलं पेस्तनजी बोमनजींचं नाव तरी ऐकिवात आहे. बाकीच्यांची कुणाला ठाऊक आहेत? १८९६–९७ मध्ये मोठे दोन खंड निघाले, मुखपृष्ठावर नाव ग्रिफिथ्सचं. बाबांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "ठेकेदाराचंच येतं गं. मी सांगतो ना."

लंडनला जाणार असाल तर चपला जुन्या, पायात बसलेल्या घाला. नॅशनल गॅलरीच्या कायमच्या संग्रहाला तिकीट नाही, शुक्रवारी ती रात्री नऊपर्यंत उघडी असते. घडीचं स्टूल मागितलं तर मिळतं, आणि त्याचेही पैसे घेत नाहीत.