वीस हजारांतला कानसेन

हा माणूस ओळखायची खूण म्हणजे त्याच्या हॉलमधली वेताची खुर्ची. सोफा रिकामा असतो, दिवाण रिकामा असतो, आणि तुम्ही भोळेपणाने नेमके जाऊन त्या खुर्चीत टेकता. आतून वहिनींचा आवाज येतो, "भावजी, तिथे नका हो बसू, चहा व्हायचाय अजून!" पण उशीर झालेला असतो. यजमानाच्या डोळ्यांत चमक आलेली असते.

"बसलासच तर नीट बस. पाठ टेक. मान जरा डावीकडे. अजून. हां! आता हलू नकोस."

समोर तांदळाच्या डब्याएवढी दोन लाकडी खोकी स्टँडवर उभी. दोन्हींमधलं अंतर सहा फूट आणि प्रत्येकापासून तुमच्या नाकापर्यंतचं अंतरही सहा फूट. हे मोजायला शिंप्याकडची टेप खुर्चीच्या हाताला कायमची बांधून ठेवलेली आहे. खोक्यातली वरची इंचभर घुमटी, जिला ट्वीटर म्हणतात, ती बरोबर कानाच्या रेषेत. असा समभुज त्रिकोण जमला की गवई दोन खोक्यांच्या मधोमध, कालनिर्णयच्या खाली बसून गातोय असं वाटतं, असं त्याचं म्हणणं. खरं सांगायचं तर वाटतंही. भीमसेनजींनी षड्ज लावला, माझ्या अंगावर काटा आला, आपोआप मान हलली आणि मी 'वा' म्हणालो.

"हललास! गेलं ना सगळं!"

ख्याल मान न हलवता ऐकायचा, हा प्रकार मी फक्त याच घरात पाहिला.

तानसेन होता आलं नाही तरी कानसेन व्हावं, असं आपल्याकडे म्हणतात. त्यातलाच हा एक पोटप्रकार. पुण्यात तो विपुल आढळतो. वय पन्नाशीच्या पुढे, नोकरी बँकेत नाहीतर विम्यात, हॉल दहा बाय चौदा. पाच लाखांचे स्पीकर घेणाऱ्याबद्दल त्याला असूया नाही, उलट थोडी कीवच आहे. "पैसे टाकून कुणीही आणेल. वीस हजारांत आवाज काढून दाखवावा!" आमचा कानसेन हा आवाज चौदा महिने काढत होता. त्या चौदा महिन्यांत घरातलं संगीत मोबाइलवर, स्टीलच्या पेल्यात उभा करून, चालू होतं.

त्याचा एक तक्ता आहे. लग्नाच्या स्थळांची करतात तशी स्पीकरांची यादी. वार्फडेल, पोल्क, जेबीएल, एडिफायर, कोलकात्याचं सोनोडाइन, सगळ्यांच्या पत्रिका मांडलेल्या. उंची, वजन, ओहम, डेसिबल, खर्ज कुठपर्यंत उतरतो, रंग. एकदा रंगाचा रकाना वहिनींनी भरला, तेव्हा दोन दिवस अबोला होता. आणि घराणंही बघायचं असतं! वार्फडेलचं घराणं त्याने मला मिसळ खाताना सांगितलं: १९३२ साली यॉर्कशायरमधल्या इल्कली गावात गिल्बर्ट ब्रिग्ज नावाच्या गृहस्थाने घराच्या तळघरात पहिला स्पीकर जुळवला, वगैरे. सांगताना स्वर असा, की ब्रिग्जच्या मौंजीला हा स्वतः हजर होता.

त्याला सगळ्यात राग वॅटचा. नव्वदच्या दशकात टू-इन-वन आणि डेकच्या खोक्यांवर 'पीएमपीओ' म्हणून हजार-हजार वॅटचे आकडे छापलेले असत, ते आठवलं तरी त्याची शीर ताणते. "अरे, हजार वॅट म्हणजे इस्त्री! आणि खोकं उलटं करून मागची पट्टी वाच, वीज खातं पंचवीस-तीस वॅट. मग बाकीचे वॅट काय सासुरवाडीहून येतात?" हा मुद्दा बिनतोड आहे. डेसिबलचा हिशोब त्याने मला मंडईत गवार घेताना समजावला. स्पीकरला एक वॅट द्यायचा, एक मीटरवर माप घ्यायचं. एकाचं ८७ डेसिबल भरलं आणि दुसऱ्याचं ९०, तर तेवढ्याच आवाजाला दुसऱ्याला निम्मीच वीज पुरते. वॅट दुप्पट केले तरी वाढतात जेमतेम तीन डेसिबल, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा लागतात. "म्हणजे पन्नासचा अॅम्प्लिफायर सोडून शंभरचा घेणारा माणूस..." भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "पाव किलो देऊ का अर्धा?" तो म्हणाला, "पाव. अर्धा घेऊन चव दुप्पट होत नाही."

त्याच्याबरोबर दुकानात जाणं हा अनुभव प्रत्येकाने एकदा घ्यावा. दोनदा नको. दुकानदार आपला नेहमीचा नमुना लावतो. स्पीकर विकणाऱ्या कुठल्याही दुकानात गेलात तरी ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' लागतं, आणि तेही १९९४ च्या 'हेल फ्रीझेस ओव्हर'मधलंच. सुरुवातीची गिटार, लोकांच्या टाळ्या, आणि मग तो ढोल 'धुम्म' करून छातीत बसतो. त्या धुम्मवर आजवर किती जोड्या खपल्या असतील! कानसेन मात्र खिशातून पेनड्राइव्ह काढतो. त्यात दोनच गोष्टी. एक नुसता तानपुरा, चार मिनिटं. जवारीचा तो मधमाश्यांसारखा गुंजारव ट्वीटरला पेलला पाहिजे. हलका ट्वीटर असेल तर तानपुऱ्याची करवत होते. दुसरी तबल्याच्या डग्ग्याची घसीट. पाच इंची वूफरमधून तो घुमारा येतो की नुसती पाटावर थाप, ते इथे कळतं. ही परीक्षा मला मनापासून पटते. आपल्याला गिटार ऐकायची नाही, तर गिटारीवर निवड का करावी? गड्याचं एवढं एक मत मी कुठेही मांडायला तयार आहे.

मग डोळे मिटून तुलना. हा जोड, तो जोड, परत हा. इथे तो मोबाइल पुढे धरून डेसिबल मोजतो आणि दुकानदाराला म्हणतो, "तो दीड डेसिबल मोठा लावलायत तुम्ही." दुकानदाराचा चेहरा पडतो. कारण गोम तिथेच आहे. आवाज बारीक असला की माणसाच्या कानाला खर्ज कमी पोचतो, हे फ्लेचर आणि मन्सन या दोघा अमेरिकनांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. त्यामुळे दोन सारखेच स्पीकर ठेवून एक जरासा मोठा लावला, तर गिऱ्हाईक हटकून त्यालाच 'भरदार' म्हणतं. आवाज सारखा करून ऐकलं तेव्हा महागडा जोड आणि स्वस्त जोड यांत मला फरक कळला नाही. "तुला कळला?" मी विचारलं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "फरक नाही, हाच फरक आहे."

यावर मी रिक्षा केली.

तपकीर गल्ली झाली, कँप झाला. मग तो मुंबईला लॅमिंग्टन रोडला जायचं म्हणाला. रविवारी तिथे बहुतेक शुकशुकाट, म्हणून दोघांनी रजा टाकली, डेक्कन क्वीनने दादर, तिथून गाडी बदलून ग्रँट रोड. तिथे तोच जोड आठशे रुपयांनी स्वस्त मिळाला. जाण्यायेण्याचा खर्च, दोन जेवणं आणि परतीला खोकी आणायला केलेली टॅक्सी धरून आम्ही सोळाशेला उतरलो. हा हिशोब तक्त्यात नाही.

घरी आल्यावर रात्री अकरा वाजता त्याने वायर जोडली. वायर जाडजूड, करंगळीएवढी, त्याच्या मते आतून शुद्ध तांब्याची. गाणं लागलं. त्याच्या आई उठून आल्या, दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "छान आहे हो. पण बाई पडद्यामागून गातेय का?"

ही बाई पुढे चार महिने पडद्यामागेच राहिली. खर्ज पातळ, गाणारा मधोमध न बसता साऱ्या खोलीत भुतासारखा फिरतो. कानसेन खचला नाही. त्याने आधी खोलीला दोष दिला. स्पीकर भिंतीला चिकटवले की खर्ज फुगतो, हे शास्त्र आहे, म्हणून एकेक इंच मागे सरकवून पाहिले. फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या. केरवाल्या मावशींनी रोज सकाळी ते बाजूला सारावेत आणि यांनी रोज संध्याकाळी टेप काढावी. मग गालिचा आला. मग जाड पडदे आले. वहिनींना पडदे तीन वर्षांपासून हवे होते, तेवढं एक कार्य सिद्धीस गेलं. मग 'स्पीकर अजून रुळायचे आहेत' म्हणून रात्रंदिवस वाजत ठेवले. खालच्या मजल्यावरचे जोशी त्या आठवड्यात गावाला गेले.

मधेच त्याच्या मुलाने घात केला. कॉलेजात जाणारं पोरगं. त्याने मोबाइलवरून एकच सूर लावला, सोळा हजार हर्ट्झचा, आणि कान झाकून घेतले. "बाबा, बंद करू का? फार टोचतंय." बाबांना काहीही ऐकू येत नव्हतं. मलाही नाही. वय वाढतं तसा कानाचा वरचा मजला आपोआप रिकामा होत जातो, हे नैसर्गिक आहे. पण हा गृहस्थ वर्षभर 'ट्वीटर वीस हजारांपर्यंत जातो की पंचवीस' यावर भांडत आला होता. त्याने शांतपणे स्पीकरकडे बघितलं आणि म्हणाला, "म्हटलं ना, हा जोड वरचं काही देतच नाही."

या सगळ्या काळात त्याच्या आई काय करत होत्या, तर स्वयंपाकघराच्या फळीवरच्या ट्रान्झिस्टरवर विविधभारती ऐकत लसूण सोलत होत्या. एकच स्पीकर, तोही वाटीएवढा, जाळीवर हळदीचे डाग. डावं-उजवं काही नाही. त्यांचं गाणं मुखड्यापासून शेवटच्या अंतऱ्यापर्यंत पुरं व्हायचं. हॉलमध्ये गेल्या चार महिन्यांत एकही गाणं दीड मिनिटाच्या पुढे गेलं नव्हतं, कारण तेवढ्यात काही तरी सरकवावं लागे.

उलगडा गणपतीत झाला. सोसायटीच्या मांडवात साउंड लावायला एक पोरगा आला होता, अठरा-एकोणीस वर्षांचा, कानात बाळी, खांद्यावर वायरीचं भेंडोळं. एक्स्टेन्शन बोर्ड मागायला वर आला. हॉलमध्ये गाणं चालू होतं. तो दारातच थांबला, डोकं एका बाजूला कलतं केलं. वेताच्या खुर्चीकडे त्याने पाहिलंही नाही.

"काका, एक उलटा लागलाय."

"काय उलटा?"

"पेन्सिल सेल आहे का?"

सेल आईंच्या सिरियलच्या ऐन वेळी टीव्हीच्या रिमोटमधून काढावा लागला. पोराने अॅम्प्लिफायर बंद केला, मागून उजव्या स्पीकरची वायर सोडवली आणि तिची दोन टोकं सेलला टेकवली. पट्टेवाली तार प्लसला. 'टक्'. "बघा, पडदा बाहेर आला." मग डावी वायर, पट्टेवाली तार प्लसलाच. 'टक्'. पडदा आत गेला. आम्ही तिघे वाकून बघत होतो, मूल रांगायला लागल्यावर बघतात तसे. एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, हवेतला खर्ज दोघं मिळून खाऊन टाकतात, गाणारा मधे उभा राहणार कुठे? लॅमिंग्टन रोडहून आल्या रात्री, अकरा वाजता, त्या करंगळीएवढ्या वायरचं टोक डाव्या स्पीकरच्या मागे लालऐवजी काळ्यात गेलं होतं. तेवढंच. पोराने ते बदललं, बोर्ड घेतला आणि गेला. हे सगळं चार मिनिटांत. सेल मात्र रिमोटमध्ये परत जायला अर्धा तास लागला, कारण कानसेनाने ती टकटक स्वतः अकरा वेळा करून पाहिली.

मग गाणं लागलं. डग्गा घुमला. बाई पडद्यामागून बाहेर आल्या आणि कालनिर्णयच्या खाली बरोबर मधोमध बसल्या. आई लसूण घेऊन हॉलमध्ये आल्या, खुर्ची सोडून दिवाणावर बसल्या आणि गाणं संपेपर्यंत बसून राहिल्या. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मी वहिनींकडे. सगळं संपलं असं आम्हा दोघांना वाटलं.

कानसेन डोळे मिटून खुर्चीत बसला होता. गाणं संपल्यावर त्याने डोळे उघडले.

"खर्ज जरा जास्तच होतोय रे आता."

तर मंडळी, जोडी विकायची आहे. चार महिने वापरलेली, आवाज उत्तम, पाच इंची वूफर, ८७ डेसिबल, मूळ खोक्यासकट. स्टँड फुकट, जाड वायर फुकट. पडदे मिळणार नाहीत, ते वहिनींचे आहेत. कुणाला हवी असेल तर संध्याकाळी सातनंतर या, जोडताना लाल लालला लावा, आणि घरी आल्यावर वेताच्या खुर्चीत तेवढं बसू नका.