लेअरनाना

नाना फोन उचलल्यावर हॅलो म्हणत नाहीत. "कुठल्या लेअरवर बसलाय, जावई?" असं विचारतात. घरचं सगळं बरं आहे ना, साताऱ्यात पाऊस काय म्हणतोय, असल्या प्रश्नांत ते वेळ घालवत नाहीत. गिंप हे चित्रांचं सॉफ्टवेअर अडल्याशिवाय आपली आठवण कुणाला येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. आणि त्या पहिल्या प्रश्नावरूनच सगळं सासर त्यांना लेअरनाना म्हणतं.

नाना माझ्या बायकोचे मामा, मूळचे पेंटर. एके काळी सांगलीत गणपती पेठेपासून विश्रामबागेपर्यंत त्यांच्या हातच्या पाट्या होत्या. मग फ्लेक्स आले आणि ब्रश वाळले. नानांनी फ्लेक्सला मनसोक्त शिव्या दिल्या आणि त्या देता देताच संगणक शिकून घेतला. चोरीचं फोटोशॉप मात्र घरात येऊ दिलं नाही. "रंग उधारीवर आणला, पण चोरून न्हाई," हा त्यांचा बाणा. गिंप फुकट आणि हक्काचं. शिवाय त्याच्या चिन्हातलं ते कोल्ह्यासारखं जनावर तोंडात ब्रश धरून असतं. शिडीवर चढल्यावर नानांच्याही दातांत एक ब्रश असायचाच. गोत्र जुळलं.

आमच्या मंडळाचा फ्लेक्स दर गणपतीत माझ्या गळ्यात पडतो आणि मी नानांच्या. त्यांच्या रागाची पातळी मात्र बघत राहावी लागते. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45. नानांची पातळी संबोधनावर ओळखायची. 'जावई' म्हणाले, म्हणजे पाणी पात्रात आहे. 'अहो पाव्हणं' म्हणजे इशारा. 'लेका' म्हणजे धोका. आणि नाना गप्प झाले, तर सरळ स्थलांतर करायचं.

"नाना, हत्यारं गेली. ब्रश, खोडरबर, सगळी पेटीच गायब."

"टॅबचं बटण दाबा, जावई."

दाबलं. सगळी परत आली.

"आता परत दाबा."

दाबलं. सगळी गेली.

"कळलं? चोर घरातलाच हाय."

अर्ध्या तासानं ब्रश चालेना. पडद्यावर कितीही घासा, रंग म्हणून उमटत नव्हता. मी संगणक बंद करून चालू केला, माउस झटकला, उदबत्तीसुद्धा लावून पाहिली. नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कुठंतरी कोपऱ्यात नखाएवढं सिलेक्शन राहिलंय. त्या कुंपणाबाहेर ब्रश पाऊल टाकत न्हाई. शिफ्ट, कंट्रोल आणि ए दाबा, कुंपण उठंल. तरी न्हाई जमलं तर लेअर बघा. भिंत एक आणि रंगवताय दुसरीच, असं झालं असंल." कुंपण उठलं, ब्रश चालला. उदबत्तीचं श्रेय बायकोनं घेतलं.

मग अध्यक्षांच्या फोटोमागची भिंत खोडायची होती. मी खोडत होतो आणि मागून पांढरी भिंत निघत होती. "अल्फा चॅनेल दिलाय का?" नानांनी विचारलं. मी गप्प. "अहो पाव्हणं, जेपीजीला आरपार दिसत न्हाई. लेअर मेनूत ट्रान्सपरन्सी, तिथं अल्फा चॅनेल जोडा. खिडकी पाडल्याबिगर वारा कुठनं येणार?"

इशारा पातळी आली होती. तरी मी मजकुराचं विचारलं. मंडळाच्या सेक्रेटरीनं तो श्रीलिपीत टाइप करून दिला होता. गिंपमध्ये चिकटवला, तर 'गणपती बाप्पा मोरया'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविरामांची मिरवणूक निघाली. "जुन्या फॉन्टात अक्षर आतून इंग्रजीच असतंय, वरून निस्तं मराठी कापड घातलेलं. कापड काढलं की उघडं पडतंय. युनिकोडात टाइप करा, मुक्त न्हाईतर बालू फॉन्ट लावा. दोन्ही मुंबईच्या पोरांनी केल्यात, दोन्ही फुकट." मुक्त लावला. जोडाक्षरं जागच्या जागी बसली.

खरा घोळ शुभेच्छुकांचा. एकूण 32 चेहरे, सगळे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले. एका दादांचा चेहरा जेमतेम 300 पिक्सेलचा आणि तो फ्लेक्सवर दोन फूट रुंद हवा. नानांनी फोनवरच हिशेब मांडला. दोन फूट म्हणजे 24 इंच. 300 भागिले 24, इंचाला साडेबारा ठिपके. "तेवढ्यात नाक तरी बसंल का? फोटो डॉक्युमेंट म्हणून मागव, लेका!" अहोजाहो गेलं, धोक्याची पातळी ओलांडली.

रात्री अकराला काम संपलं. फाइल पेनड्राइव्हवर घालून पोवई नाक्याजवळच्या फ्लेक्सवाल्याकडे नेली. "उघडत नाही," तो म्हणाला. फाइलच्या नावाशेवटी एक्ससीएफ. नानांना फोन.

"सेव्ह केलंस तर एक्ससीएफच होणार. 2012 साली गिंपचं 2.8 आलं, तवापास्नं असंच हाय. छापायला एक्सपोर्ट करायचं असतंय. लेका, 1995 साली बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी हे अख्खं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. एक्ससीएफ हे त्यांच्या कॉलेजातल्या संगणक क्लबाचं नाव. पोरांनी क्लबाचं नाव फाइलला दिलं, आणि तुला एक बटण गावंना!"

घरी येऊन एक्सपोर्ट केलं. परत नाक्यावर नेली. जेपीजी उघडली, फ्लेक्सवाला हसला, दहा बाय आठचा फ्लेक्स सकाळी मिळणार असं ठरलं. घरी परतल्यावर मी समाधानानं ती 'न उघडणारी' एक्ससीएफ फाइल पुसून टाकली आणि झोपलो.

सकाळी सहाला मंडळाचा फोन. एका दादांचं म्हणणं पडलं होतं की आपला फोटो दुसऱ्या दादांच्या खालच्या रांगेत आहे. फोटो वर गेला नाही, तर वर्गणी खाली येईल.

मी नानांना फोन लावला. "फक्त दोन चेहऱ्यांची अदलाबदल करायचीय, नाना."

"मग सोपं हाय, जावई. एक्ससीएफ उघडा. हरेक चेहरा आपापल्या लेअरवर असंल. हा उचला, तिथं ठेवा. पाच मिन्टांचं काम."

"ती मी पुसली."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. नाना गप्प झाले होते.

तो फ्लेक्स मी परत पहिल्यापासून केला: 32 चेहरे, 32 अल्फा चॅनेल. नाना दुपारी कोयना एक्सप्रेसनं स्वतः साताऱ्यात उतरले, माझ्या शेजारी बसले आणि रात्रीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. निघताना कंदी पेढ्यांचा पुडा घेतला, दारात थांबले आणि म्हणाले, "पाटी रंगवून झाली म्हणून कुणी आखणीचा कागद फाडून टाकत न्हाई."

तेव्हा वाचकहो, छापायला जेपीजी द्या, पण एक्ससीएफ जपून ठेवा. रंगाला उपाय आहे, फॉन्टाला आहे, हरवलेल्या हत्यारांनाही आहे. दादा कुठल्या रांगेत हवेत, यावर मात्र अजून कुठल्याच आवृत्तीत उपाय आलेला नाही.