बसतली, पण तिरकी

चहा उकळेपर्यंत तातूमामाने आमच्या बेडरूममधलं कपाट उघडलं होतं.

"सूनबाय, ह्यो साडयो जरा बाजूक कर गो," असं म्हणत त्याने खिशातून टेप काढली, खण आतून मापला, भिंतीकडे बघत ओठांतल्या ओठांत काही पुटपुटला आणि निकाल दिला, "बसतली. पण तिरकी."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं.

हा माणूस तुमच्या ओळखीचा आहे. पंखा घ्यायचा म्हणून सहा दुकानं हिंडून शेवटी पुठ्ठ्याने वारा घेत बसणारा तो हाच. स्वस्त वस्तू शोधण्यात महाग वस्तूच्या दुप्पट पैसे घालवतो आणि हिशेब मात्र वस्तूचाच सांगतो. लग्नात जेवणाची पंगत सोडून केटररला पातेलं केवढ्याला पडलं ते विचारतो. तुमच्याकडचा तो बहुधा मिक्सर नाहीतर पाण्याची टाकी शोधत असेल. आमचा बंदूक ठेवायला कपाट शोधत होता, एवढाच काय तो फरक.

बंदुकीचं नाव काढल्यावर दचकू नका. सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक म्हणजे नवलाची गोष्ट नव्हे. तातूमामाची बाराबोरची दुनळी वडिलांकडून आलेली. वडील गेल्यावर ती रीतसर जमा केली, वारसाचा अर्ज केला, परवाना नावावर करून घेतला. रानडुकरावर गोळी झाडायची तर वनखात्याची परवानगी लागते, त्यामुळे हा भातशेतीच्या दिवसांत मांगरात बसून हवेत एखादा बार काढी. डुकरं दुसऱ्याच्या शेतात जात. दुसरा बार काढी, ती परत मामाच्या शेतात येत.

वर्षानुवर्षं ती बंदूक ओटीवर दोन खुंट्यांवर आडवी असायची. शेजारी छत्री. मग २०१६चे शस्त्र नियम आले आणि शस्त्र घरात सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यायची वेळ आली. नूतनीकरणाच्या वेळी गावातल्या बाकीच्या परवानेवाल्यांसारखी तातूमामानेही सही केली. बाकीचे घरी आले आणि बंदूक खुंटीवर टांगून जेवायला बसले. तातूमामा जेवला नाही. त्याने टेप काढली.

बंदूक टोकापासून टोकापर्यंत ४७ इंच. हा आकडा आमच्या घराण्यात गोत्रासारखा पाठ झाला. गोदरेजच्या कपाटात साड्या टांगायचा खण ४० इंच उंच आणि २५ इंच रुंद, म्हणजे कर्ण ४७ला जेमतेम. पायथागोरसचा संसारात उपयोग झालेला माझ्या माहितीतला हा एकमेव माणूस. पण तिरकी त्याला नको होती. कारणंही तयार होती. तिरकी ठेवली की नळीचं तोंड कोपऱ्यात घासतं, दार उघडताच ती घसरून पायावर येते, आणि "बंदूक काय छत्री आसा, खंयव टेकवूक?" (शेजारच्या छत्रीचा राग असावा.)

मग तो मापतच सुटला. भाचीच्या सासरी गेला, तिथे रुखवताचं कपाट मापलं. फ्रिजच्या दुकानात गेला, तिथे फ्रिज मापला. दुकानदार म्हणाला, "काका, यात भाजी ठेवतात." मामा म्हणाला, "बसतली, पण तिरकी." दशावताराच्या नाटकाला गेला तर थेट रंगपटात शिरला. अर्धवट रंगलेला संकासुर ओरडला, "तातू, मेल्या, त्या पेटाऱ्यात राजाचे कपडे आसत!" मामाने राजाचा मुकुट काढून संकासुराच्या हातात दिला, पेटारा मापला आणि नाटक न बघताच घरी आला. पेटाऱ्यात काय होणार होतं, ते आता तुम्हीच सांगा.

एकदा तो दवाखान्यात आजारी व्याह्यांना बघायला गेला होता. व्याह्यांचा हात हातात घेऊन बसला. दोन मिनिटांनी त्याची नजर पलंगाशेजारच्या लोखंडी खणावर गेली. व्याही क्षीण आवाजात म्हणाले, "मापा. मी बरा आहे."

बाजारात बंदुकीसाठी म्हणून मिळणारं कपाटही त्याने पाहिलं. त्याची किंमत ऐकून म्हणाला, "ह्या कपाटाची राखण करूक आणखी एक बंदूक घेऊक व्हयी." आकड्यांची बटणं असलेली छोटी तिजोरी पाहिली. तिच्यात अंगठ्या राहतात, फार तर रिव्हॉल्व्हर. दुनळी ठेवायची तर नळ्या फुलदाणीतल्या निशिगंधासारख्या बाहेर. भंगारातली ऑफिसची कपाटं पाहिली, आणि तिथेच त्याला पत्र्याच्या गेजची विद्या मिळाली. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ. बावीस गेज म्हणजे पहार घातली की पापड, सोळा गेज म्हणजे चोराला घाम. तेव्हापासून जिथे जाईल तिथे बोटाच्या पेराने टक्‌टक् करी. आमच्या कपाटावर टक्‌टक् करून माझ्या बायकोला म्हणाला, "पातळ आसा गो." ते कपाट तिच्या माहेरचं. पुढचे दोन दिवस मी त्या पत्र्याची बाजू घेऊन बोलत होतो.

दरम्यान मे महिना आला आणि आम्ही सगळे गावी गेलो. कपाट मिळेपर्यंत बंदूक तालुक्याच्या परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेवलेली. त्यालाही भाडं पडत होतं, म्हणून मामाने फुकटचे उपाय तपासायला घेतले. नुसती लपवली तर? त्याने मालवणी खाजाच्या पाच पुड्या आणल्या आणि बंदूक ठेवता येईल अशा पाच जागी लपवल्या. पोटमाळ्यावर, भाताच्या कणगीमागे, गादीखाली, देवघराच्या वरच्या फळीवर आणि एक माजघराच्या तुळईवर. मग पोरांना जमवून सांगितलं, "घरात खाजा आसा. गावलां तर तुमचां."

माझ्या सात वर्षांच्या मुलाने कणगीमागची पुडी चार मिनिटांत काढली. तुळईवरच्या पुडीला सगळ्यात जास्त वेळ लागला, अकरा मिनिटं, कारण शिडी आणावी लागली. पाचही पुड्या संपल्या. पोरं खूश होती. तातूमामा मात्र पायरीवर बसला होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, "लपवलेला पोरांका गावता. कुलूपच व्हया." मला तेव्हा त्याचं हसू आलं होतं.

कुलुपाचं नक्की झालं, पण ४७ इंच तसेच राहिले. एका दुपारी मामी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "चाळीस वर्षां तुमी ती साफ करूक मोडतास. तीन तुकडे करतास, परत जोडतास. मगे तुकडेच ठेवा कपाटात!"

ओटीवर शांतता पसरली. दुनळी मोडते, हे खरंच होतं. नळ्या, दस्ता आणि नळ्यांखालचा छोटा लाकडी तुकडा असे तीन भाग सुटे होतात. सगळ्यात लांब भाग नळ्यांचा, ३० इंच. नळ्या एका ट्रंकेत, दस्ता दुसऱ्या ट्रंकेत, दोन्हींना कुलूप, काडतुसं तिसरीकडे कुलपात. घरात जुन्या ट्रंका होत्या. खर्च तीन कुलुपांचा. एक ट्रंक कोणी उचलून नेली तरी हाती नुसता पाइप. दोन वर्षांच्या मोजमापावर मामीने सुपाएवढं पाणी ओतलं होतं.

तातूमामाने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "माझ्या बापाशीन ती कधी मोडून ठेवल्यान नाय."

विषय संपला. मामीने सूप पाखडलं.

शेवटी कपाट गावातल्या वेल्डिंगवाल्याकडेच झालं. सोळा गेजचा पत्रा, आतल्या बाजूला बिजागऱ्या, दोन कुलपं. आतून चार बोल्ट भिंतीत. भिंत जांभ्या चिऱ्याची, चिरा मऊ, म्हणून बोल्ट लांब आणि भोवती सिमेंट. नाहीतर चोर कपाट फोडायच्या भानगडीत न पडता कपाटच टेम्पोत घालतात, हे ज्ञान मामाने कुठूनसं मिळवलं होतं. आत स्पंज लावायचा नाही, कारण तो ओल धरतो. चामड्याची पिशवीही तशीच, म्हणून बंदूक उघडीच, नळीला तेलाचा हात आणि खाली सिलिका जेलच्या पुड्या. कोकणातल्या पावसात चोरापेक्षा गंज आधी येतो. कपाटाचा खर्च साडेसहा हजार. दोन वर्षांच्या चौकशीचा खर्च, एसटी, चहा आणि संकासुराची समजूत धरून, मी काढला नाही. मामीने काढला होता, पण सांगितला नाही.

शेवटच्या दिवशी मामाला आठवलं की काडतुसांना वेगळा खण हवा. बंदूक आणि काडतुसं एकाच कुलपाआड नकोत. त्याने वेल्डिंगवाल्याला उभं राहून वरच्या बाजूला सहा इंचांचा खण करायला लावला, त्याला वेगळी चावी. कपाट घरी आलं, बोल्ट बसले. बंदूक सोडवून आणली. आम्ही सगळे जमलो. मामाने ती दोन्ही हातांनी उचलून आत उभी केली.

उभी राहीना. कपाट बाहेरून ४८ इंच होतं, वरचे सहा खणाने खाल्ले.

कोणी काही बोललं नाही. मामाने बंदुकीचा दस्ता कोपऱ्यात सरकवला, नळ्या समोरच्या कोपऱ्याकडे झुकवल्या. खाली वाकून बघितलं. मग माझ्या मुलाने, कोणी न शिकवता, मोठ्याने सांगितलं, "बसतली, पण तिरकी!"

मामी पदरात तोंड घालून हसत होती. तातूमामा हसला नाही. त्याने कोपऱ्यांत रबराचे तुकडे लावले, एक पट्टा आवळला, दोन्ही कुलपं घातली आणि चाव्या कुठे ठेवाव्यात याचा क्षणभरही विचार न करता करगोट्याला बांधल्या. देवाच्या तसबिरीमागे नाही, तांदळाच्या डब्यात नाही. त्या जागा पोरांना ठाऊक होत्या.

त्या रात्री ओटीवर मी त्याला विचारलं, मामा, सही तर सगळ्यांनीच केली. कोण बघायला येतं? एवढी यातायात कशाला?

त्याला प्रश्नच कळला नाही. माझ्याकडे बघत म्हणाला, "मिया सही केलंय मा?"

मी आयुष्यात किती कागदांवर सह्या केल्या ते आठवायचा प्रयत्न केला. वरील सर्व अटी मी वाचल्या आहेत, मला मान्य आहेत, खाली सही. मी त्यातलं एकही कलम वाचलेलं नव्हतं. हा माणूस एक ओळ वाचून दोन वर्षं टेप घेऊन हिंडला होता, आणि मी त्याला सबंध दोन वर्षं विक्षिप्त म्हणत होतो. माझा मुलगा त्या घरात मे महिनाभर कुठेही चढायचा, काहीही उचकायचा, आणि मी ओटीवर निवांत झोपायचो. ती झोप कोणाच्या सहीवर मिळत होती, हे मला त्या रात्री कळलं. त्याला तसं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने माझ्या घराची कुलपं तपासायला घेतली असती.

२०२४ साली लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका आल्या. आचारसंहितेत ज्यांना शस्त्र जमा करायला सांगतात, त्यांत तातूमामाचं नाव निघालं. बंदूक दोन्ही वेळा ठाण्यात जाऊन आली. खर्च शून्य, राखण पोलिसांची. आयुष्यभर शोधलेला सगळ्यात स्वस्त उपाय सरकारने घरी चालत आणून दिला होता, पण मामाला त्याचा आनंद नव्हता. पावती त्याने काडतुसांच्या खणात ठेवली. बंदूक नव्हती त्या दिवसांतही तो रोज रात्री कंदिलासारखा मोबाइल धरून रिकामं कपाट उघडी, सिलिका जेलच्या पुड्या चाचपी, आणि दोन्ही कुलपं लावून झोपायला जाई.

गावात परवान्याच्या बंदुका पुष्कळ आहेत. हमीपत्रं तेवढीच आहेत. भिंतीला बोल्ट मारलेलं कपाट एकच आहे.