वसई किल्ल्यातल्या निळ्या फलकास

प्रति,
मा. निळा फलक,
वसई किल्ला, भाईंदर खाडीपलीकडे.

स.न.वि.वि.

आपला किल्ला १९५८ साली बांधला गेला, अशी नोंद माझ्या भाचीच्या प्रकल्पवहीत झाली आहे. ती आपल्या कृपेने झाली, म्हणून आभाराचे हे पत्र.

पोरगी सहावीत आहे. शाळेने ‘ऐतिहासिक स्थळाला भेट’ असा प्रकल्प दिला, म्हणून भाईंदरहून रो-रो बोटीने आम्ही पाव तासात आपल्या दारी येऊन उतरलो. तिने वही उघडली आणि आपला मजकूर शब्द न शब्द उतरवून घेतला. प्राचीन स्मारके, पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम, १९५८. राष्ट्रीय महत्त्व. नाश करणारा, विद्रूप करणारा, धोक्यात आणणारा इसम. कैद, दंड किंवा दोन्ही. एवढ्या मजकुरात साल एकच होतं, ते तिने बांधकामाचं समजून लिहिलं. ‘किल्ला कोणी बांधला?’ या प्रश्नापुढे ‘अधिनियमाने’ असं उत्तर आहे. बाईंनी त्यावर बरोबरची खूणही केली आहे.

आपल्या संयमाला तोड नाही. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना दिली, पुढची दोनशे वर्षं त्यांच्या उत्तरेकडच्या मुलुखाचा कारभार इथून चालला, यावर आपण अवाक्षर काढत नाही. १५९७ साली जपानात नागासाकीला क्रुसावर मारला गेलेला आणि १८६२ साली संतपद मिळालेला गोन्सालो गार्सिया याच वसईचा. तेही आपण पोटात ठेवलंत. शंभर एकरांहून मोठ्या आवारातल्या कुठल्या भिंती चर्चच्या आणि कुठल्या मठाच्या, हे ओळखायचं काम आपण पर्यटकांच्या कल्पनाशक्तीवर सोडलं आहे. ती प्री-वेडिंगवाल्यांकडे भरपूर असते.

आम्हा भाईंदरकरांचा तर या तटावर थोडा हक्कही पोहोचतो. उत्तनजवळच्या आमच्या धारावीच्या डोंगरातला दगड वसईच्या बांधकामाला गेला. शिवाय धारावी हाती आल्याशिवाय वसईची पाण्यावरची वाट अडवता येत नव्हती, म्हणून त्या टेकाडासाठी मराठे आणि पोर्तुगीज पुन्हा पुन्हा झगडले. अखेर १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून वसईचा तट फोडला. शरण आलेल्यांना बायकापोरं आणि चीजवस्तू घेऊन जाऊ दिलं. चर्चच्या घंटा मात्र इथून निघाल्या, त्या भीमाशंकरला, मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात टांगल्या गेल्या. आपल्याइतकं गप्प राहणं त्या घंटांनाही जमलेलं नाही; निदान त्यांच्या अंगावर ओतल्याचं साल तरी आहे.

किरकोळ तक्रारी बऱ्याच आहेत. बुरुजाखालच्या बाटल्या. भावी नगरसेवकांचे वाढदिवस. ड्रोनची भुणभुण. यांतलं काहीही आपल्या माथी मारणार नाही.

पण आता हे ‘आपण, आपण’ पुरे. तुला सरळ विचारतो.

१९५८ च्या मूळ कायद्यात शिक्षा होती तीन महिने आणि पाच हजार रुपये. २०१० साली दुरुस्ती झाली, दोन वर्षं आणि एक लाख झाले. तुझ्या अंगावर आज नवी शिक्षा आहे. म्हणजे रंगारी मिळाला, रंग मिळाला, शिडी मिळाली, मंजुरीसुद्धा मिळाली. शिडीवर चढलेल्या त्या माणसाच्या हातात चिमाजी अप्पांच्या नावाची एक ओळ द्यायला कोणाची परवानगी हवी होती? आणि १८०२ चं काय? ३१ डिसेंबर १८०२ ला याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि पेशवाईची मान त्यांच्या हातात दिली. पुतण्याच्या मुलाने सही केली ती चुलतआजोबाने जिंकलेल्या गावात, मधे वर्षं गेली फक्त त्रेसष्ट! हे मराठी मुलाला ज्या जागेवर सांगायचं, तिथे उभं राहून तू त्याला तुरुंगाची भीती घालतोस. लाज वाटत नाही?

नगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन ये एकदा. १९९४ पासूनचं आहे, पन्नासच्या आसपास रणगाडे उघड्यावर उभे आहेत. प्रत्येकापुढे पाटी: हा कुठल्या देशाचा, वजन किती, तोफ कुठली. लोखंडाच्या तुकड्याची एवढी विचारपूस होते. अर्थात नशीब फिरलं की लोखंडालाही कोणी विचारत नाही. १९७१ च्या युद्धातली ‘विक्रांत’ मुंबईत संग्रहालय म्हणून काही वर्षं उभी राहिली आणि २०१४ साली भंगारात गेली. तेव्हा तुझ्या किल्ल्याने आपला दगड लोखंडापेक्षा टिकेल या भरवशावर राहू नये.

रागावून निघालो आणि जाता जाता तुझी मागची बाजू पाहिली. खारा वारा खाऊन पत्र्याला भोकं पडायला लागलीत. पुढे उजव्या कोपऱ्यात कोणीतरी खिळ्याने बदाम काढलाय, बाण आरपार, दोन अक्षरं. विद्रूप करणाऱ्याला दोन वर्षं, असं जिथे लिहिलंय बरोबर त्यावर. पुऱ्या आवारात आम्हाला एक म्हातारा रखवालदार दिसला आणि तू. त्याला शिट्टी तरी दिलीय. तुला चार ओळी पाठ करायला लावून उन्हापावसात उभं केलं आणि पुन्हा कोणी फिरकलं नाही. गड्या, तुझी कीव आली.

म्हणून मागणी तुझ्याकडे नाही, तुझ्या खात्याकडे आहे, आणि ती लहान आहे. तुझा खालचा तिसरा हिस्सा कोरा आहे. तिथे हे रंगवावं:

‘१५३४ पासून पोर्तुगीज. १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकला. १८०२ साली इथे वसईचा तह झाला. १८१८ पासून इंग्रज.’

मसुदा फुकट आहे. पाव लिटर पांढऱ्या रंगात काम होतं, आणि रंगाचे पैसे मी द्यायला तयार आहे.

कळावे,
खाडीअलीकडचा एक भाईंदरकर